शिक्का त्यांच्याकडे, पावती तुमच्याकडे : डाकेनं कागद पाठवताना तारीख कशी सांभाळायची

"पण मी तं तारखेच्या आधीच टाकलं होतं ना जी!"

तहसीलीसमोर बसून लोकांचे अर्ज, तक्रारी, अपिलं लिहून द्यायचं माझं काम. हे वाक्य माझ्या टेबलापाशी दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी म्हणतंच. म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्यानं कागद खरंच तारखेआधी लाल पेटीत टाकलेला असतो. पण पेटीत टाकल्याचा दिवस, लिफाफ्यावर शिक्का पडल्याचा दिवस, समोरच्या कार्यालयात पोस्टमननं दिल्याचा दिवस आणि तिथल्या बाबूनं आवक नोंदवल्याचा दिवस हे चार वेगळे दिवस असू शकतात. आपल्या कामाला त्यातला कोणता धरला जाणार, हे पाठवायच्या आधी कळलं पाहिजे.

मी स्वतः यात एकदा हात पोळून घेतले आहेत. एका भरतीचा अर्ज शनिवारी दुपारी पेटीत टाकला. शेवटची तारीख तीच होती. पेटी सकाळीच उघडून डाक निघून गेली होती, रविवारी सुट्टी, त्यामुळे शिक्का पडला सोमवारचा. महिनाभर मी त्या शिक्क्याला शिव्या देत फिरलो. मग एकानं जाहिरात नीट वाचायला लावली, तर त्यात "अर्ज पोहोचण्याची अंतिम तारीख" असं लिहिलेलं. म्हणजे शनिवारचा शिक्का असता तरी मी बादच होतो.

आधी ते एक वाक्य शोधा

जाहिरात असो, नोटीस असो की निकालाची प्रत, त्यात मुदतीचं एक वाक्य असतं. त्याखाली पेनानं रेघ मारा. साधारण तीन तऱ्हा दिसतात.

पहिली, "पोहोचेल अशा बेताने पाठवावे". इथं शिक्क्याला काही किंमत नाही. अंगणवाडी मदतनीस, कंत्राटी आरोग्य कर्मचारी अशा भरत्यांत जिथं अजून कागदी अर्ज घेतात, तिथं बहुतेक हीच अट असते. खाली बारीक अक्षरात "टपालातील विलंबास हे कार्यालय जबाबदार राहणार नाही" हेही असतं. केंद्राच्या काही जाहिरातींत आसाम, मेघालय, लडाख, अंदमान अशा दूरच्या भागांतल्या उमेदवारांना सात दिवस जास्त देतात. आपला गडचिरोली जिल्ह्यातला भामरागड किंवा सिरोंचा कितीही दूर वाटला, पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरानं भामरागडचा रस्ता कितीही वेळा बंद पडला, तरी महाराष्ट्रातल्या माणसाला ती सवलत मिळत नाही. ते दिवस आपले आपणच हाताशी ठेवायचे.

दुसरी, "पाठवल्याची तारीख ग्राह्य". ही आपल्याकडे कमी दिसते. दिसली तर तिथं शिक्का किंवा बुकिंगची पावती हाच तुमचा पुरावा.

तिसरी, "मिळाल्यापासून इतक्या दिवसांत". फेरफाराच्या नोटिशीवर हरकत, माहिती अधिकाराचं अपील, चेक परत आल्यावर द्यायची नोटीस ही सगळी या जातीची. इथं घड्याळ कागद हातात पडल्यावर चालू होतं. म्हणून हातात कधी पडला ते सिद्ध करता यायला हवं. कधी ते तुम्हाला सिद्ध करावं लागतं, कधी समोरच्याला.

एकाच कामाचा नियम मधेच बदलतो, त्याचंही उदाहरण देतो. आयकर विवरणपत्र ऑनलाइन भरून आधार ओटीपीनं किंवा दुसऱ्या ऑनलाइन रीतीनं पडताळणी केली नाही, तर सही केलेला आयटीआर-व्ही हा पडताळणीचा फॉर्म आयकर खात्याच्या बंगळूरच्या केंद्राला (पिन ५६०५००) डाकेनं पाठवावा लागतो. ऑगस्ट २०२२ पासून त्याची मुदत १२० दिवसांवरून ३० दिवसांवर आली. तेव्हा स्पीड पोस्टनं रवाना केल्याची तारीख धरत. २०२४ च्या अधिसूचनेनं तेही बदललं. आता केंद्रात फॉर्म मिळाल्याची तारीख धरतात. जुन्या माहितीवर भरवसा ठेवून एकोणतिसाव्या दिवशी पोस्टात जाणारे अजून भेटतात. त्यांना मी सांगतो, फोन काढा आणि ओटीपी टाका, पोस्टाचं नावच नको.

शिक्का नेमका कधी पडतो

गावातल्या पेटीवर पेटी उघडण्याची वेळ लिहिलेली असते. बऱ्याच पेट्यांवरची ती पाटी उन्हापावसानं पुसून गेली आहे, मग पोस्टमनलाच विचारा. ती वेळ टळल्यावर टाकलेलं पत्र दुसऱ्या कामाच्या दिवशी निघतं आणि तेव्हाच त्यावर तारीख पडते. रविवार आला की आणखी एक दिवस.

खेड्यातलं पोस्ट म्हणजे शाखा डाकघर. ते दिवसातून काही तासच उघडं असतं. ग्रामीण डाक सेवक थैली बंद करून तालुक्याच्या उपडाकघरात पाठवतो, तिथून ती सॉर्टिंगला जाते. शेजारच्या तालुक्याचं पत्रही आधी सॉर्टिंगला जाऊन मग उलटं फिरू शकतं. एसटीनं दीड तासाचं अंतर, म्हणून पत्रही दुसऱ्या दिवशी पोचेल हा हिशेब इथंच चुकतो. थैली गेल्यावर तुम्ही गेलात तर पोस्टमास्तर कागद घेईल, पावतीही देईल, पण कागद निघेल उद्या. "आजची थैली गेली काय?" एवढं विचारायला विसरू नका.

अमेरिकेत आयकर विवरणपत्रासाठी शिक्क्याची तारीख ग्राह्य धरण्याची तरतूद कायद्यातच आहे. तरी तिथल्या टपाल खात्यानंही डिसेंबर २०२५ पासून आपल्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं की शिक्क्यावरची तारीख आणि पत्र ताब्यात आल्याची तारीख एकच असेल असं नाही. कोणाचा पुतण्या तिकडे असेल तर त्याला सांगा. आपल्याकडे शिक्क्याला तेवढं कायद्याचं पाठबळ मुळातच नाही.

शिक्क्याची आणखी एक गंमत आहे. तो ज्या लिफाफ्यावर पडतो तो लिफाफा समोरच्याकडे जातो. तुमच्याजवळ काहीच उरत नाही. समोरच्यानं लिफाफा फेकला की तुमचा शिक्काही कचऱ्यात गेला. शिवाय अर्ध्या वेळा तो इतका फिका उमटतो की तारीख ३ ची की ८ ची ते भिंगातूनही कळत नाही. म्हणून मुदतीचा कुठलाही कागद पेटीत टाकू नका. काउंटरवर जा आणि पावती घ्या.

काउंटरवर काय मागायचं

म्हातारी माणसं अजून "यूपीसी करून द्या" म्हणतात. साध्या पत्राला शिक्का मारलेला दाखला मिळायचा, स्वस्तातलं काम होतं. ती सोय २०११ साली बंद झाली. "रजिस्ट्री करा" म्हणणारे तर बहुतेक सगळेच. पण २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय. आता काउंटरवर असं म्हणायचं: "स्पीड पोस्ट करा, रजिस्ट्रेशनसह, आणि पोहोचपावती पाहिजे."

रजिस्ट्रेशन कशाला? साधं स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर जो असेल त्याला देता येतं. रजिस्ट्रेशन घेतलं की ते ज्याच्या नावानं आहे त्याला किंवा त्यानं नेमलेल्या माणसालाच द्यायचं असतं. १ ऑक्टोबर २०२५ च्या दरांप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंतचा लिफाफा त्याच गावात १९ रुपयांत आणि बाहेरगावी ४७ रुपयांत जातो. रजिस्ट्रेशनचे ५ रुपये वेगळे, आणि सगळ्यावर जीएसटी. नोटीस, अपील, जमिनीचा कागद असला तर हे पाच रुपये वाचवू नका. जुन्या कायद्यांत "नोंदणीकृत डाकेने" असे शब्द आहेत आणि उद्या कोर्टात वाद निघाला तर उत्तर तुमच्यापाशी तयार पाहिजे.

पावती हातात आली की काउंटर सोडायच्या आधी चार गोष्टी बघा: तारीख, वेळ, पाठवायच्या ठिकाणचा पिन, आणि दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आयएन असा तेरा खुणांचा बारकोड नंबर. नाव चुकीचं टाइप झालं असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या. ही पावती कॅश मशीनच्या कागदासारखी असते. शर्टाच्या खिशात उन्हातान्हात फिरली की दोन महिन्यांत कोरी होते. त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो काढा. आणि इंडिया पोस्टच्या साइटवर ट्रॅकिंग उघडून "डिलिव्हर्ड" दिसलं की त्या पानाचाही प्रिंट काढून ठेवा. ती नोंद तिथं कायम राहत नाही. सहा महिन्यांनी वकिलानं मागितली तर कुठून आणाल?

जोडलेल्या कागदांची यादी अर्जाच्या खाली लिहायची सवय लावा. लिफाफ्यात काय होतं ते पावती सांगत नाही.

खासगी कुरियरबद्दल थोडक्यात. पोस्ट बॉक्सच्या पत्त्यावर कुरियर जात नाही, आणि जाहिरातीत "फक्त डाकेने" लिहिलं असेल तर कुरियरचं पाकीट परत येऊ शकतं.

आणि एक गोष्ट जी कोणी करत नाही: काम तालुक्याच्याच कार्यालयात असेल तर पोस्टाच्या नादी लागूच नका. अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोस्टमननं मंगळवारी दिलेला लिफाफा आवक टेबलावर शुक्रवारपर्यंत पडून राहिलेला मी पाहिला आहे. कार्यालय मग शुक्रवारचीच तारीख सांगतं. हाती दिलेल्या कागदाला हा घोळ लागत नाही. बाबू शिक्का द्यायला कुरकुरला तर शांतपणे तिथंच उभं राहा, रांग वाढली की देतो.

मु. पो. आणि पिन

पत्त्यात "मु. पो." लिहिताना आपण मागचा-पुढचा विचार करत नाही. गाव आणि पोस्ट एकच असेल तरच "मु. पो." लिहायचं. वेगळं असेल तर "मु." पुढे गाव, "पो." पुढे ज्या गावात पोस्ट आहे ते नाव, मग तालुका, जिल्हा. विदर्भात एकाच नावाची गावं किती, हे सांगायला नको. पिंपळगाव, सावरगाव, बोरगाव हाक मारली की दहा उत्तरं येतील.

पिनचे पहिले तीन आकडे बघून समाधान मानू नका. वर्धा ४४२००१, चंद्रपूर ४४२४०१, गडचिरोली ४४२६०५. तिन्हीचं ४४२ एकच. शेवटचे तीन चुकले तर गडचिरोलीचा अर्ज वर्ध्याला फिरून येईल आणि तेवढे दिवस तुमच्या मुदतीतून जातील. पोस्टाकडून भरपाई मागाल तर ती नियमात बसेल तेवढीच. हुकलेल्या नोकरीची किंमत पोस्ट खातं देत नाही.

दिवस मोजायची रीत

"पासून" शब्द आला की तो दिवस सोडायचा आणि दुसऱ्या दिवसापासून एक मोजायचं. शेवटच्या दिवशी ते कार्यालय बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेलं काम मुदतीत धरतात. सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ९ आणि १० मध्ये हे दोन्ही आहे. जाहिरातीतल्या तारखेला मात्र या कलमाच्या भरवशावर बसू नका. तिथं तारीख म्हणजे तारीख.

सुट्ट्यांत एक फसगत होते. पोस्ट केंद्राचं आहे, तहसील राज्याची. पोळ्याला किंवा तान्ह्या पोळ्याला जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक सुट्टी दिली तर तहसील बंद, पण पोस्ट आपल्या यादीप्रमाणे चालू असू शकतं. उलटंही होतं. आठवड्याच्या हिशेबात दोन्ही याद्या बघा.

माहिती अधिकाराचं उदाहरण घेऊ. १ जूनला अर्ज स्पीड पोस्ट केला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ट्रॅकिंगमध्ये ६ जूनला पोचल्याचं दिसलं. माहिती अधिकाऱ्याचे ३० दिवस ६ जूनपासून, म्हणजे ६ जुलैला संपतात. १ जुलैला जाऊन "महिना झाला, उत्तर नाही" म्हणून भांडण्यात अर्थ नाही. उत्तर आलंच नाही तर पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत, म्हणजे ५ ऑगस्टपर्यंत, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस असतात आणि आपल्यासाठी राज्य माहिती आयोगाची खंडपीठं नागपूर आणि अमरावतीला आहेत. हे सगळं गणित ६ जून या एका तारखेवर उभं आहे. ती तारीख तुमच्या ट्रॅकिंगच्या प्रिंटवर आहे. हे प्रिंट का काढायचं ते आता लक्षात आलं असेल.

पीक नुकसानीची सूचना यात मोजूच नका. तुमच्या पीक विम्यात स्थानिक आपत्तीचं संरक्षण असेल तर तिची खबर ७२ तासांत द्यायची असते. ती ॲपवर किंवा १४४४७ वर फोन करून द्या. गारपिटीचा अर्ज डाकेनं पाठवला तर तो पोचेपर्यंत मुदत संपलेली असेल.

तुमच्याकडे नोटीस आली तर

लिफाफा फेकू नका. लोक आतला कागद जपतात आणि लिफाफ्यात मुलांना गोळ्या बांधून देतात. पाठवणाऱ्यानं नोटिशीवर १ तारीख टाकली असेल आणि लिफाफ्यावर ९ तारखेचा शिक्का असेल, तर ते आठ दिवस तुमचे आहेत. मागच्या बाजूला कधी वाटप करणाऱ्या पोस्टाचाही शिक्का असतो. तो पुसट असेल तर मिळाल्याची तारीख पेनानं लिहा, आणि बारकोडवरून ट्रॅकिंग काढून नोटिशीला टाचून ठेवा. बँकेच्या लिफाफ्यावर तिकिटाऐवजी फ्रँकिंगचा छाप असतो. तो छाप पाठवणाऱ्याच्या मशीनचा, तेवढ्यावरच विसंबू नका.

आणि तो जुना गैरसमज: "नोटीस घेतलीच नाही तं लागू कशी होईल?" होते. योग्य पत्त्यावर, पूर्ण पैसे भरून रजिस्टर्ड पाठवलेलं पत्र नेहमीच्या वेळेत पोचलं असं कायदा गृहीत धरतो. पोस्टमनला "घरी नाही म्हणून सांग" म्हटलं, तर तो पाकिटावर "घेण्यास नकार" किंवा "घर बंद" असा शेरा मारतो आणि तोच शेरा समोरच्याचा पुरावा होतो. घर बंद दिसलं की पोस्टमन चिठ्ठी ठेवतो. त्यानंतर पत्र साधारण सात दिवस पोस्टात असतं. कापूस वेचायला सगळे शेतात असताना ही चिठ्ठी दाराच्या फटीतून आत पडलेली असते आणि केरात जाते. घरच्यांना सांगून ठेवा.

व्यापाऱ्याचा चेक परत आला असेल तर

हा विषय आमच्या भागात दर हंगामात येतो. कापूस, तूर, सोयाबीन दिलं, व्यापाऱ्यानं चेक दिला, बँकेतून तो परत आला. इथं तारखेचा खेळ सगळ्यात कडक आहे.

चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाला त्या दिवसापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस द्यायची. समजा ५ फेब्रुवारीला मेमो मिळाला, तर ६ फेब्रुवारी पहिला दिवस आणि, लीप वर्ष नसेल तर, ७ मार्च शेवटचा. नोटीस रवाना करणं हे तुमचं काम, ती घेणं त्याचं, असं सर्वोच्च न्यायालयानं के. भास्करन प्रकरणात १९९९ साली सांगितलंय. त्यामुळे इथं बुकिंगच्या पावतीला खरं मोल आहे. तरी ७ मार्चची वाट बघू नका. त्या दिवशी पोस्टाचं सर्व्हर बंद पडलं तर कोणाच्या नावानं ओरडाल? मी पहिल्या आठवड्यातच पाठवायला लावतो. व्यापाऱ्याच्या दुकानाचा पत्ता आणि घराचा पत्ता, दोन्हीकडे.

नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एक महिन्यात कोर्टात फिर्याद. हे १५ दिवस कधी सुरू झाले ते पोहोचपावतीवरून ठरतं. पावती परत आली नाही तर पोस्टात लेखी अर्ज देऊन वाटपाचा दाखला मागा.

उशीर झालाच तर

कुठं माफी मिळते आणि कुठं नाही, ते वेगवेगळं आहे. माहिती अधिकाराच्या पहिल्या अपिलाला उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवल्यावर अधिकारी ते घेऊ शकतो. रस्ता बंद होता, आजारी होतो, तर ग्रामपंचायतीचा किंवा डॉक्टरचा कागद जोडा. चेकच्या फिर्यादीला उशीर झाला तरी कोर्ट कारण ऐकून घेऊ शकतं. भरतीत मात्र कोणी ऐकत नाही. पाठपुराव्यात वेळ घालवण्यापेक्षा पुढची जाहिरात बघा.

चेकच्या नोटिशीचे ३० दिवस हुकले तर त्याला माफीची तरतूद नाही. पण चेक तारखेपासून तीन महिने चालतो. ते तीन महिने अजून संपले नसतील तर तोच चेक पुन्हा बँकेत टाका. पुन्हा परत आला की नवा मेमो मिळेल, आणि त्यापासून नव्यानं ३० दिवस सुरू होतील. एम.एस.आर. लेदर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ही वाट मोकळी ठेवली आहे. या वेळी मेमो मिळाला त्याच दिवशी नोटीस लिहायला या.